दीर्घिकेच्या मध्यभागी एवढे तारे कुठून आले?



आठवीच्या वर्गात ताऱ्यांची जीवनयात्रा शिकवत होतो. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी तारे फार दाटीवाटीने आहेत आणि अगदी मधोमध एक मोठं कृष्णविवर आहे, एवढं सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पण एवढे तारे तिथे आले कुठून?"

मी जराही विचार न करता सांगून टाकलं, "कृष्णविवर आहे ना तिथे. त्यानेच ओढून घेतले."

तिला ते पटलं नाही. म्हणाली, "मग ते अजून आत पडले कसे नाहीत?"

घंटा झाली म्हणून वाचलो. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं, की माझं उत्तर चुकलं होतं आणि तिची शंका बरोबर होती. पुढच्या आठवड्यात वर्गात उभं राहून मी ते उत्तर मागे घेतलं आणि मग आम्ही हा धडा नव्याने केला. तोच इथे मांडतो आहे. हा प्रश्न तुमच्याही वर्गात किंवा घरी येईल, आणि "कृष्णविवराने ओढले" हे उत्तर आपल्या सगळ्यांच्याच तोंडावर असतं.

आधी "दाट" म्हणजे किती दाट?

अनेक दीर्घिकांच्या अगदी मध्यभागी ताऱ्यांचा एक छोटा पण अतिशय दाट गोळा असतो. त्याला आपण केंद्रकीय तारकागुच्छ म्हणू. आपल्या आकाशगंगेतही तो आहे, पृथ्वीपासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षं दूर. त्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण अडीच ते तीन कोटी पट आहे, आणि त्यातला निम्मा भाग केंद्रापासून जेमतेम १५ प्रकाशवर्षांच्या आत सामावलेला आहे.

नुसते आकडे सांगून मुलांच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून मोहरीचा दाणा घ्या. सूर्य म्हणजे दोन मिलिमीटरचा मोहरीचा दाणा, असं धरा. मग आपला सर्वांत जवळचा शेजारी तारा, म्हणजे मित्र ताऱ्याचा छोटा जोडीदार, ४.२ प्रकाशवर्षं दूर आहे, तो या मापाने जवळजवळ ५८ किलोमीटरवर येतो. एक दाणा पुण्यात ठेवला, तर दुसरा लोणावळ्याच्या आसपास. मधे सगळं रिकामं.

आता हेच माप घेऊन आकाशगंगेच्या केंद्राजवळ जा. तिथे केंद्रापासून सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आत साधारण दहा लाख तारे आहेत. मोहरीच्या मापाने दर अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर एक दाणा. पुणे ते लोणावळा एकही दाणा नव्हता, तिथे आता शाळेपासून चौकापर्यंत एक आणि चौकापासून स्टँडपर्यंत दुसरा.

इथे मुलांना एक गोष्ट आवर्जून दाखवा. एवढी दाटी असली, तरी दाण्याच्या आकाराच्या मानाने अंतर प्रचंडच आहे. म्हणजे तारे एकमेकांना चिकटलेले नाहीत, सारखे एकमेकांवर आपटतही नाहीत. "दाट" हा शब्द आपल्या परिसराच्या तुलनेत आहे. पुढे हे लागणार आहे.

कृष्णविवराने ओढले, हे का चूक?

मधोमध कृष्णविवर आहे हे खरंच आहे. त्याचा भरभक्कम पुरावा मिळवल्याबद्दल राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, रॉजर पेनरोज यांच्यासोबत. या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट आहे.

आता साधा हिशेब करा. कृष्णविवर ४० लाख, आणि भोवतीचा गुच्छ अडीच-तीन कोटी. गुच्छ सहा-सात पट जड आहे! अगदी मधल्या काही प्रकाशवर्षांत कृष्णविवराचं राज्य चालतं. त्याच्या बाहेर ताऱ्यांना धरून ठेवतं ते मुख्यतः ताऱ्यांचं स्वतःचं एकत्रित गुरुत्वाकर्षण.

दुसरं असं, की कृष्णविवर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. वर्गात मी विचारतो, "सूर्य काढून त्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वीचं काय होईल?" बहुतेक मुलं म्हणतात, "आत ओढली जाईल." खरं तर पृथ्वी थंड पडेल, अंधार होईल, पण कक्षा तशीच राहील. दूरच्या वस्तूला फक्त वस्तुमान कळतं, ते सूर्याचं आहे की कृष्णविवराचं हे कळत नाही.

केंद्राजवळचा एस-२ नावाचा तारा याचं जिवंत उदाहरण आहे. तो सुमारे १६ वर्षांत कृष्णविवराभोवती एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो कृष्णविवरापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या फक्त १२० पट अंतरावरून गेला, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने. आत पडला नाही. वळसा घालून परत बाहेर गेला. मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच: तारे पडत नाहीत, कारण ते फिरत आहेत, आणि फिरण्याचा वेग कुठेतरी खर्ची पडल्याशिवाय कोणीही आत जाऊ शकत नाही.

तिसरा पुरावा शेजारच्या एम-३३ या दीर्घिकेचा. तिच्या मध्यभागी छान दाट गुच्छ आहे. पण तिथे मोठं कृष्णविवर सापडत नाही. असलंच, तर ते सूर्याच्या फार तर काही हजार पट, म्हणजे आपल्याकडच्या मानाने किरकोळ. कृष्णविवरच जर तारे गोळा करत असतं, तर एम-३३ मध्ये गुच्छ कोणी गोळा केला?

तेव्हा फळ्यावरचं माझं जुनं उत्तर पुसू आणि खरा प्रश्न लिहू: वस्तूंचा फिरण्याचा वेग कमी होऊन त्या केंद्रापर्यंत पोचतात कशा?

वर्गातली मुलं आणि जनरल रजिस्टर

आपल्या शाळेतल्या दहावीच्या वर्गाकडे बघा. ही सगळी मुलं इथे कशी आली? काही पहिलीपासून इथेच आहेत. काही मधेच दुसऱ्या शाळेचा दाखला घेऊन आली. वर्गात बसलेली सारखीच दिसतात, पण ऑफिसातलं जनरल रजिस्टर उघडलं की कोण मूळचं आणि कोण बदली होऊन आलेलं ते कळतं.

केंद्रकीय तारकागुच्छाबद्दल शास्त्रज्ञांचे दोन विचार नेमके असेच आहेत. एक: हे तारे बाहेर कुठेतरी जन्मले आणि नंतर केंद्रात आले. दोन: वायू केंद्रात आला आणि तारे तिथेच जन्मले. दोन्ही वाटा समजून घेऊ, मग रजिस्टर उघडू.

पहिली वाट: बाहेरून आलेले

दीर्घिकेत एकेकटे तारे असतात, तसे बंदिस्त तारकागुच्छही असतात. लाखो जुने तारे एकमेकांना धरून असलेला तो गोल गोळा. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून जास्त गुच्छ माहीत आहेत. असा गुच्छ दीर्घिकेतल्या इतर ताऱ्यांमधून फिरत असतो.

समजा, गावच्या जत्रेत सगळ्यांच्या ओळखीचा एक माणूस चालत निघाला आहे. दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडे सरकतात. पण ते पोचेपर्यंत तो दोन पावलं पुढे गेलेला असतो. म्हणून गर्दी जमते ती त्याच्या पाठीमागे. कोणी हाक मारतं, कोणी हात धरतं, आणि बिचाऱ्याचा वेग कमी होत जातो.

जड गुच्छाचं असंच होतं. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचे तारे त्याच्याकडे वळतात, तोवर तो पुढे सरकलेला असतो, आणि त्याच्या मागे ताऱ्यांची जराशी जास्त दाटी तयार होते. ही दाटी त्याला मागे खेचते. गुच्छाचा वेग हळूहळू खर्ची पडतो आणि तो फेऱ्या मारत मारत केंद्राकडे उतरतो. याला गतिकीय घर्षण म्हणतात. "घर्षण" शब्दाने मुलांचा गोंधळ होतो, म्हणून लगेच सांगा: इथे काहीही कशावर घासत नाही. मोहरीचे दाणे आठवा, मधे केवढी मोकळी जागा आहे! सगळं काम गुरुत्वाकर्षण दुरूनच करतं.

हा हिशेब १९४३ साली मांडला तो सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी. लाहोरला जन्मलेले, मद्रासला शिकलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले चंद्रशेखर. त्यांचं नाव आपण श्वेत बटूच्या वस्तुमानाच्या मर्यादेसाठी सांगतो, आणि १९८३ च्या नोबेलसाठी. त्यांचं हे कामही मुलांना सांगावं असं आहे.

१९७५ मध्ये ट्रेमेन, ऑस्ट्रायकर आणि स्पिट्झर या तिघांनी हाच हिशेब देवयानी दीर्घिकेला लावला. केंद्राच्या आसपासचे बंदिस्त गुच्छ एकेक करून आत उतरले, एकमेकांत मिसळले आणि त्यांचाच मधला दाट गाभा झाला, असं त्यांनी सुचवलं.

या हिशेबातून तीन गोष्टी निघतात, त्या फळ्यावर लिहून ठेवा. गुच्छ जितका जड, तितका तो लवकर उतरतो. केंद्रापासून जितका दूर, तितका उशीर, आणि दुप्पट दूर असला तर साधारण चौपट उशीर. आणि दीर्घिका जितकी मोठी, तितके त्यातले वेग जास्त, म्हणून उतरायला वेळही जास्त. म्हणजे ही वाट लहान दीर्घिकांत सोपी आहे.

दुसरी वाट: तिथेच जन्मलेले

वायूचं गणित वेगळं आहे. दोन तारे समोरासमोर आले तरी सहसा एकमेकांना न लागता निघून जातात. वायूचे दोन ढग समोरासमोर आले, तर धडकतात, तापतात, ती उष्णता प्रकाशाच्या रूपाने निघून जाते, आणि तेवढी ऊर्जा कायमची गेली. ऊर्जा गेली की ढग आत सरकतो. म्हणून वायू ताऱ्यांपेक्षा सहज केंद्राकडे जाऊ शकतो.

आपल्या आकाशगंगेत यासाठी एक सोयही आहे. तिच्या मधल्या भागात ताऱ्यांचा एक लांबट दांडा आहे. फिरणाऱ्या दांड्याचं गुरुत्वाकर्षण सगळीकडून सारखं नसतं. त्यामुळे वायूच्या वाटा वेड्यावाकड्या होतात, ढग एकमेकांवर येतात आणि फिरण्याचा वेग गमावून आत घसरतात. केंद्राभोवतीच्या काही शे प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात आजही दाट, थंड वायूचा मोठा साठा आहे, आणि कृष्णविवराच्या आणखी जवळ, काही प्रकाशवर्षांवर, वायू आणि धुळीचं एक कडं आहे. वायू पुरेसा साठला, दाट झाला, की त्याचे तुकडे पडून तारे जन्मतात.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण अगदी कृष्णविवराजवळ अडचण येते. भरती-ओहोटीचं जे बल आपण समुद्राच्या बाबतीत शिकवतो, तेच तिथे इतकं तीव्र असतं, की साधा ढग ताणून फाटून जाईल. तारे व्हायचे, तर वायूची खूप दाट चकती आधी तयार व्हायला हवी. हे कल्पनेत शक्य आहे. पण प्रत्यक्षात झालं का? त्यासाठी रजिस्टर उघडावं लागेल.

रजिस्टर वाचायचं कसं?

पहिली अडचण म्हणजे रजिस्टर कपाटात बंद आहे. केंद्र आणि आपण यांच्या मधे इतकी धूळ आहे, की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या साधारण एक लाख कोटी कणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. पण अवरक्त प्रकाश धुळीतून बराच पार होतो. योग्य तरंगलांबी निवडली, तर दहातला एक कण पोचतो. १९६८ साली एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउअर यांनी केंद्राचा हा अवरक्त प्रकाश पहिल्यांदा टिपला. पुढे मोठ्या दुर्बिणींनी तिथले तारे एकेक करून वेगळे दिसू लागले.

रजिस्टरचे तीन रकाने महत्त्वाचे.

*वय.* आपल्या गुच्छात वेगवेगळ्या वयाचे तारे आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्यातलं सुमारे ८० टक्के वस्तुमान १००० कोटी वर्षांपेक्षा जुन्या ताऱ्यांचं आहे. पण कृष्णविवरापासून दीड-दोन प्रकाशवर्षांच्या आत शंभराहून जास्त अतिशय तेजस्वी, जड तारे सापडले आहेत, आणि त्यांचं वय फक्त ४० ते ६० लाख वर्षं! ताऱ्यांच्या जगात ही बालवाडीतली मुलं. एवढ्या थोड्या वेळात बाहेरचा गुच्छ उतरून आत येणं फार कठीण आहे. आला असता, तर वाटेत आपले तारे सांडत आला असता. तशी माग काढता येईल अशी सांडलवंड दिसत नाही. शिवाय यातले बरेचसे तारे एका चकतीसारख्या पातळीत फिरतात. म्हणजे दाट चकती झाली होती, आणि हे तारे तिथेच जन्मले. दुसरी वाट नुसती शक्य आहे असं नाही, ती वापरली गेली आहे.

*धातू.* खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्या मूलद्रव्यांना धातूच म्हणतात. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनी माफ करावं! ही मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात शिजतात, तारे मरताना बाहेर पडतात आणि पुढच्या पिढीत जातात. आकाशगंगेतल्या बहुतेक बंदिस्त गुच्छांतले तारे धातूंच्या बाबतीत गरीब आहेत. केंद्रातले बहुसंख्य तारे मात्र सूर्याइतके किंवा त्याहून श्रीमंत. पण सगळे नाहीत. दहातला एकही भरणार नाही इतका लहान हिस्सा धातूंनी गरीब आहे, आणि त्या हिश्श्याची चालही इतरांपेक्षा थोडी वेगळी आहे. ही दाखला घेऊन आलेली मुलं असावीत.

*फिरण्याची दिशा.* आपला केंद्रकीय गुच्छ एकूण आकाशगंगेच्या दिशेनेच फिरतो. दीर्घिकेच्या चकतीतला वायू आत आला आणि त्याचे तारे झाले, तर अशीच दिशा यायला हवी. वेगवेगळ्या दिशांनी आलेले गुच्छ मिसळले असते, तर एकूण फिरणं कमी दिसण्याची शक्यता जास्त.

इथे थांबून मुलांना एक प्रश्न विचारा. "एकच रकाना पाहून निकाल दिला तर चालेल का?" नाही. जुना तारा बाहेरचाच असतो असं नाही, शाळेत पहिलीपासूनची मुलंही मोठी होतातच. एखादा गुच्छ केंद्राच्या जवळच जन्मलेला असेल, तर त्याच्या ताऱ्यांत धातू भरपूर असू शकतात. तिन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले, की चित्र स्पष्ट होतं. आपल्याकडचा बहुतांश गुच्छ तिथेच घडलेला दिसतो, आणि थोडी भर बाहेरची.

मग बरोबर पर्याय कोणता?

आपल्या मुलांना "योग्य पर्याय निवडा" ची इतकी सवय आहे, की त्यांना एकच उत्तर हवं असतं. इथे उत्तर आहे "दोन्ही", पण हे टाळाटाळीचं उत्तर नाही. कुठे कोणती वाट जास्त चालते, हे आता बऱ्यापैकी सांगता येतं. ताऱ्यांचं एकूण वस्तुमान सूर्याच्या साधारण १०० कोटी पटींहून कमी असलेल्या दीर्घिकांत गुच्छ मुख्यतः बाहेरून उतरलेल्या तारकागुच्छांचा बनतो. तिथल्या गुच्छातले तारे बऱ्याचदा आजूबाजूच्या ताऱ्यांपेक्षाही धातूंनी गरीब आढळतात. त्याहून मोठ्या दीर्घिकांत तिथेच जन्मलेल्या ताऱ्यांचा वाटा वाढत जातो. फळ्यावरचा तिसरा मुद्दा आठवा: लहान दीर्घिकेत उतरणं सोपं. हिशेबाने जे सांगितलं, तेच निरीक्षणात दिसलं.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर एम-५४ पाहा. मेसियेने १७७८ साली नोंदवलेला हा गुच्छ आपल्याच आकाशगंगेचा समजला जात होता. १९९४ मध्ये धनू राशीच्या दिशेला एक बटू दीर्घिका सापडली. तिला आपली आकाशगंगा हळूहळू फाडून गिळते आहे. एम-५४ नेमका तिच्या मध्यभागी आहे. त्यात जुने, धातूंनी गरीब तारे आहेत आणि त्यांच्यातच मिसळलेले बरेच तरुण, धातूंनी श्रीमंत तारेही. एकाच वर्गात दोन्ही प्रकारची मुलं.

२०२५ साली आणखी एक बातमी आली. हबल दुर्बिणीने पाहिलेल्या सुमारे ८० बटू दीर्घिकांपैकी पाचांच्या केंद्रकीय गुच्छांजवळ ताऱ्यांचे फिकट पट्टे, शेपट्यांसारखे, दिसले. संगणकावर गुच्छांची टक्कर घडवून पाहिली, तर अशाच शेपट्या तयार होतात आणि थोड्याच काळात विरून जातात. १९७५ पासून कागदावर असलेलं मिसळणं जणू चालू असतानाच सापडलं.

आणि सर्वांत मोठ्या दीर्घिका? मध्यम आकाराच्या दीर्घिकांत दहापैकी आठांहून जास्त ठिकाणी असा गुच्छ असतो. अतिप्रचंड दीर्घिकांत मात्र तो सहसा सापडत नाही. याचं एक कारण असं मानतात: दोन मोठ्या दीर्घिका एकत्र आल्या, की त्यांची दोन महाकाय कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात आणि जवळ येणाऱ्या ताऱ्यांना भिरकावून देतात. मधला भाग रिकामा होत जातो. बघा, मी वर्गात काय सांगितलं होतं? कृष्णविवर तारे गोळा करतं! इथे तर ते जमलेला गुच्छ मोडताना दिसतं.

आपल्या आकाशात काय दाखवता येईल?

आपल्या आकाशगंगेचं केंद्र वृश्चिकाची नांगी म्हणजे मूळ नक्षत्र आणि धनू रास यांच्या मधल्या दिशेला आहे. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये पहाटे, किंवा ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला खाली दाखवा. केंद्र दिसणार नाही, धूळ आड येते. पण "त्या दिशेला आहे" एवढं बोटाने दाखवलं, तरी मुलं बराच वेळ तिकडे बघत राहतात.

नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा एक केंद्रकीय गुच्छ मात्र आपल्याकडून दिसतो. निदान बहुतेक खगोलशास्त्रज्ञ तसं मानतात. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी. मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाला चित्रा तारा बरोबर दक्षिणेला असतो. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण दहा अंशांची होते. चित्रापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजा. क्षितिजापासून वर मोजलं तर अडीच मुठी. गावाबाहेर, दक्षिणेला दिवे नसलेल्या जागी एक धूसर तारा दिसेल. द्विनेत्री लावली, तर तो तारा नाही, पुसट गोळा आहे, हे कळतं.

जुन्या नोंदींत तो तारा म्हणूनच आहे. १६७७ साली एडमंड हॅली यांना सेंट हेलेना बेटावरून तो धूसर दिसला. आज माहीत आहे, की त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत आणि तो १७ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. त्यातल्या ताऱ्यांत धातूंचं प्रमाण एकसारखं नाही, बरंच वेगवेगळं आहे. साध्या बंदिस्त गुच्छात असं सहसा नसतं. २०२४ मध्ये त्याच्या मध्यभागी फार वेगाने फिरणारे काही तारे सापडले. त्यांना धरून ठेवायला सूर्याच्या किमान ८२०० पट वस्तुमानाचं कृष्णविवर लागेल असा हिशेब निघाला. यावरून दिसतं ते असं: हा एका लहान दीर्घिकेचा गाभा आहे. आपल्या आकाशगंगेने ती दीर्घिका कधीच गिळली, गाभा तेवढा शिल्लक राहिला. शाळा बंद पडली, पण एक वर्ग अजून भरतो आहे.

वर्गात घेण्यासारखं

१. मोहरीचं माप. दोन दाणे आणि तालुक्याचा नकाशा पुरतो. पुण्याऐवजी आपलं गाव घ्या आणि ५८ किलोमीटरवर कोणतं गाव येतं ते मुलांनाच शोधू द्या.

२. रिमोटचा दिवा. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्यात चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला, तर पुढचा वापरून बघा. धुळीतून पार जाणारा प्रकाश याच कुळातला.

३. कोरं रजिस्टर. पाच काल्पनिक तारे लिहून द्या, तीन रकान्यांसह: वय, धातू, फिरण्याची दिशा. "हा मूळचा की दाखला घेऊन आलेला?" हे गटात ठरवायला सांगा, आणि कारण लिहायला लावा. एखादा तारा मुद्दाम असा ठेवा, की नक्की सांगता येणार नाही. "सांगता येत नाही, कारण अमुक माहिती कमी आहे" असं लिहिणाऱ्या गटाला पूर्ण गुण द्या.

पालकांसाठी एवढंच: घरी मुलाने असा प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत नसेल, तर पहिलं सुचलेलं उत्तर देऊ नका. "तुला काय वाटतं, आणि ते खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं?" असं उलट विचारा. माझ्या वर्गातल्या मुलीने नेमकं तेच केलं होतं. कृष्णविवराने ओढले असतील तर तारे आत पडलेले दिसायला हवेत, आणि ते तर बाहेर आहेत. तिने तेवढ्यावरून माझं उत्तर मोडलं.

उत्तर मागे घेतलं त्या दिवशी तिने वहीत तारीख घालून दोन्ही उत्तरं लिहून घेतली, आधीचं आणि नंतरचं. आधीचं खोडलं नाही. विचारलं तर म्हणाली, "असू दे सर, कसं बदललं ते कळेल."